सेकंड हँड कायाक घेतलीय, कंपनी कुठली आणि किती जुनी ते कसं ओळखायचं?

सानपाडा_वल्हं
नमस्कार मंडळी. कर्जतच्या बाजूला एक रिसॉर्ट बंद झाला, त्यांनी सगळं सामान विकायला काढलं होतं, त्यात ही कायाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, मिळाली. टेम्पोवर बांधून सानपाड्याला आणली आणि सध्या सोसायटीच्या स्टिल्टमध्ये भिंतीला लावून ठेवलीय. विकणारा म्हणाला इम्पोर्टेड आहे, पाच-सहा वर्षं वापरलीय. पण कंपनीचं नाव कुठेच दिसत नाही. पुढे दोन्ही बाजूंना स्टिकर निघाल्याच्या खुणा आहेत, तिथला प्लास्टिकचा रंग बाकीपेक्षा गडद लाल आहे, पण अक्षरं काही वाचता येत नाहीत. वरून रिसॉर्टवाल्यांनी हिरवा ऑईल पेंट मारलाय, तो पापुद्र्यासारखा सुटतोय.

माहिती देतो म्हणजे सांगायला सोपं पडेल. टेपने मोजली तर लांबी बरोबर १६ फूट. दोन माणसांची, मधे एकच मोठं लांबलचक कॉकपिट आणि त्यात दोन सीट, म्हणजे पाय आत घालून बसायची, वर बसायची नाही. मागच्या बाजूला दोरी बांधायला कोणीतरी ड्रिलने भोक पाडलंय, त्या भोकाच्या कडेला बघितलं तर बाहेर लाल प्लास्टिक, मधे फोमसारखा थर आणि आत परत प्लास्टिक दिसतं. मागच्या सीटच्या खाली एक गोल शिक्का आहे, कडेने १ ते १२ आकडे आणि मधे बाण, बाण ५ वर आहे आणि बाणाच्या दोन बाजूंना ० आणि ६. तळाला पुढच्या सीटच्या खाली साधारण वीतभर लांब चीर आहे, आरपार आहे का ते अजून कळलं नाही.

माझे प्रश्न : ही कोणी बनवली, किती साली बनवली आणि एवढा खर्च करून दुरुस्त करण्याच्या लायकीची आहे का. बायको आणि मी दोघं मिळून पाण्यात उतरायचं फार मनात आहे म्हणून नीट समजून घ्यायचंय. फोटो टाकलेत.

कळवा_पॅडलर
दादा, आधी रंग आणि स्टिकर बाजूला ठेवा आणि नंबर शोधा. अमेरिकेत विकायला बनवलेल्या प्रत्येक बोटीवर, कायाकवरसुद्धा, एक १२ अक्षरी नंबर असतो, त्याला हल आयडेंटिफिकेशन नंबर म्हणतात, लोक नुसतं हिन म्हणतात. हा नियम तिथे नोव्हेंबर १९७२ पासून आहे आणि आत्ताची पद्धत १ ऑगस्ट १९८४ पासूनची. मी तिकडे नोकरीला असताना सेकंड हँड कायाक घ्यायला गेलं की पहिलं काम हेच करायचे, विकणाऱ्याशी बोलायच्या आधी मागे जाऊन नंबरचा फोटो काढायचा.

जागा ठरलेली असते. तुम्ही आत पुढे तोंड करून बसलात की तुमचा उजवा हात ज्या बाजूला, त्या बाजूला मागच्या टोकाजवळ. मागच्या टोकापासून एक फुटाच्या आत आणि वरच्या कडेपासून दोन इंचाच्या आत. अक्षरं कमीत कमी पाव इंच उंचीची असायला लागतात पण प्लास्टिकमध्ये ती खोदलेली किंवा उष्णतेने दाबलेली असतात त्यामुळे घासून घासून उथळ होतात आणि वर रंग मारला असेल तर संपलंच, दिसणारच नाहीत. तुमच्याकडे नेमकं तेच झालं असणार.

पेंट काढताना सँडपेपर लावू नका!! सँडपेपरने नंबर पण जाईल. या प्लास्टिकला ऑईल पेंट मुळात धरतच नाही म्हणून तर तो पापुद्र्यासारखा निघतोय, जुनं एटीएम कार्ड घेऊन हळूहळू खरवडा, कोमट पाणी आणि भांड्याचा साबण लावा. मग रात्री लाईट बंद करून मोबाईलचा टॉर्च एकदम आडवा धरा, प्लास्टिकला जवळजवळ टेकवून, म्हणजे उथळ अक्षरांची सावली पडते. तरी नाही दिसलं तर टाल्कम पावडर चोळून वरवर पुसून घ्या, खाचेत पावडर राहते आणि अक्षर उठून दिसतं. पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासली तरी चालतं.

बाहेरचा नंबर पूर्ण गेलाच असेल तरी आशा सोडू नका, नियमाप्रमाणे तोच नंबर दुसऱ्यांदा आतल्या न दिसणाऱ्या जागी पण असायला लागतो, सीटच्या खाली, कुठल्या तरी फिटिंगच्या मागे वगैरे.

आणि एक, नंबर मिळालाच नाही म्हणून लगेच नकली समजू नका. युरोपात छंदासाठीच्या बोटींना जो सीईचा, म्हणजे तिकडच्या सुरक्षेच्या शिक्क्याचा नियम आहे त्यातून नुसत्या हाताने वल्हवायच्या कायाक वगळलेल्या आहेत, त्यामुळे तिकडच्या कायाकवर ती प्लेट शोधत बसण्यात अर्थ नाही. किती माणसं, किती वजन याची पिवळी-पांढरी पट्टी अमेरिकन मोटरबोटीवर असते ती पण कायाकला सक्तीची नाही.

रोटो_रबाळे
मी रबाळे एमआयडीसीत रोटो मोल्डिंगमध्ये आहे, कायाक आम्ही बनवत नाही पण पद्धत तीच म्हणून लिहितो. फोटो झूम करून बघितले. ही रोटो मोल्डेडच आहे. खात्री करायची तर पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत कडेने बोट फिरवा, दोन भाग चिकटवल्याचा जोड लागणार नाही, फक्त साचा जिथे उघडतो तिथे एक बारीक रेघ लागेल. आतल्या बाजूला हात घाला, आतला पृष्ठभाग किंचित खडबडीत आणि लाटालाटांचा लागेल कारण आत साचा नसतोच. प्लास्टिकची पावडर पोकळ साच्यात टाकतात, साचा ओव्हनमध्ये दोन दिशांनी फिरत राहतो, पावडर वितळून भिंतीला चिकटते, मग गार करून काढायचं.

आता ते तीन थर. आपल्या गच्चीवरच्या थ्री लेयर पाण्याच्या टाक्या जशा बनतात तसंच, आधी बाहेरच्या थराची पावडर, ती बसली की फोम होणारी, मग आतली. वजनाच्या मानाने भिंत जाड आणि कडक होते आणि फोममुळे प्लास्टिक स्वतः तरंगतं. पण यात वेळ आणि मेहनत जास्त, म्हणून स्वस्तातला माल बनवणारे सहसा या फंदात पडत नाहीत. नदीच्या आणि तळ्याच्या बोटींत थ्री लेयर पॉलिइथिलीन वापरणाऱ्यांमध्ये अमेरिकेतली ओल्ड टाउन ही नाव घेण्यासारखी कंपनी, माझा पहिला संशय तिथेच आहे पण कळवा ताई म्हणतात तसं नंबर मिळाल्याशिवाय मी पैज लावणार नाही.

ते गोल आकडे म्हणजे डेट क्लॉक. साच्यात एक फिरवता येणारी पिन बसवलेली असते, बाण महिन्यावर करायचा, मधे साल. म्हणजे तुमची ती सीट मे २००६ मधे बनली. पण लक्षात घ्या, ती तारीख सीटची आहे, कायाकची नाही!! सीट, पाय टेकायचे पॅडल, हॅच म्हणजे झाकणं हे सगळे सुटे भाग इंजेक्शन मोल्डिंगचे, वेगळ्या कारखान्यात बनून येतात. कंपनीत लागलेली मूळ सीट असेल तर कायाक त्या तारखेनंतरची, आणि नंतर कोणी बदलली असेल तर कायाक त्याआधीची पण असू शकते. पुढच्या सीटखाली पण बघा काय तारीख आहे, दोन्ही सारख्या असतील तर मूळ असण्याची शक्यता जास्त. स्क्रू पण बघा, कंपनीचे स्टेनलेसचे असतात, आपल्याकडे कोणी बदलले असतील तर बहुतेक वेळा गंज धरलेले साधे हार्डवेअरच्या दुकानातले सापडतील.

घोडबंदर_फायबर
मी एफआरपीवाला माणूस, फायबरच्या बोटी दुरुस्त करतो. फक्त एवढंच सांगतो की ही फायबर नाहीये म्हणून कोणी रेझिन लावून देतो म्हणाला तर देऊ नका. लोक मला प्लास्टिकच्या बोटी घेऊन येतात आणि मी परत पाठवतो. फायबर ओळखायची तर आतल्या बाजूला काचेच्या धाग्यांची मॅट किंवा विणलेलं कापड दिसतं, बाहेर जेलकोटची म्हणजे वरच्या गुळगुळीत रंगीत थराची चकाकी, नखाने टकटक केलं की कडक आवाज येतो, आणि डेक म्हणजे वरचा भाग आणि तळ वेगवेगळे बनवून कडेला जोडलेले असतात. पॉलिइथिलीनचा छोटा तुकडा पाण्यात टाकला तर तरंगतो, पाण्यापेक्षा हलकं आहे ते. एबीएस नावाच्या दुसऱ्या कडक प्लास्टिकचा बुडतो. काही कायाक एबीएसच्या पण असतात, चकचकीत, गरम शीट साच्यावर ओढून केलेल्या, त्यांना कडेने जोड असतो.

दुसरी गोष्ट कॉपीची. आपल्याकडे आणि बाहेर पण लोक चांगल्या कंपनीची बोट घेतात, तिच्यावरूनच साचा काढतात आणि विकतात. तुम्ही लांबी बरोबर १६ फूट लिहिलीत ना, ते महत्त्वाचं आहे. रोटोवाले भाऊ बरोबर की चूक ते सांगतील.

रोटो_रबाळे
एकदम बरोबर, हे मी लिहायला हवं होतं. पॉलिइथिलीन गार होताना साधारण २ ते ३ टक्के आकसतं. खरा साचा बनवणारा हे धरून साचा मोठा करतो. पण तयार बोटीवरून साचा काढला की कॉपी तेवढ्याने छोटी येते. १६ फूट म्हणजे १९२ इंच, त्याचे अडीच टक्के धरले तर जवळजवळ ५ इंच. म्हणजे कॉपी असती तर टेपवर साधारण १५ फूट ७ इंच आलं असतं आणि तुमची पूर्ण १६ भरतेय. टेप बोटीच्या बाकदार भागावरून किंवा कॉकपिटच्या वळणावरून नेऊ नका हां, जमिनीवर ओळंबा सोडून दोन्ही टोकांच्या खुणा करा आणि त्या दोन खुणांमधलं अंतर मोजा. कॉपीवर उठावाचं डिझाईन पण बोथट येतं, कडा गोल होतात.

सानपाडा_वल्हं
ताई, भाऊ, सगळ्यांचे मनापासून आभार!! ओळंब्याने मोजलं, १६ फूटच आहे, अर्धा इंच इकडेतिकडे. आणि नंबर सापडला!!! मागे उजवीकडे, बरोबर सांगितलेल्या जागी, हिरव्या रंगाच्या खाली. कार्डाने खरवडायला वेळ लागला पण टॉर्च आडवा धरल्यावर एकदम दिसला, बायको आणि मी दोघंही ओरडलोच.

वाचून दाखवतो : एक्स टी सी, मग पाच जागा आहेत त्यातली पहिली अजिबात वाचता येत नाही, दुसरी शून्य आहे की इंग्रजी ओ आहे कळत नाही, बाकी तीन आकडे वाचता येतात पण इथे टाकत नाही, आणि शेवटी एच १ ० २. पुढची सीट पण काढून बघितली, तिच्याखाली पण डेट क्लॉक आहे पण बाण ७ वर आणि साल ०१. म्हणजे दोन सीटच्या तारखा वेगळ्या. आता हे सगळं जुळवायचं कसं?

कळवा_पॅडलर
वा, मस्त!! जुळतंय सगळं, बघा.

पहिली तीन अक्षरं म्हणजे बनवणाऱ्याचा कोड. हा कोड अमेरिकेचं कोस्ट गार्ड देतं आणि त्यांच्या वेबसाईटवर कोड टाकला की कंपनीचं नाव येतं, सगळ्यांना खुलं आहे. एक्सटीसी म्हणजे ओल्ड टाउन कनू. रोटोवाल्या दादांचा अंदाज बरोबर निघाला. अमेरिकेच्या मेन राज्यात ओल्ड टाउन नावाचंच गाव आहे पेनॉबस्कॉट नदीकाठी, कंपनी तिथली, लाकूड आणि कॅनव्हासच्या कनू म्हणजे वरून उघड्या होड्या बनवण्यापासून सुरुवात केलेली शंभर वर्षांहून जुनी कंपनी आहे. १९७४ पासून ती जॉन्सन कंपनीकडे आहे, ओशन कायाक ही दुसरी कंपनी पण नंतर त्यांच्याकडेच गेली.

पुढच्या पाच जागा सिरियल नंबर. यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरायला मनाई आहे, आकड्यांशी गोंधळ होतो म्हणूनच. त्यामुळे तुमचं ते शून्यच आहे, ओ असूच शकत नाही.

मग एक अक्षर म्हणजे महिना. ए जानेवारी, बी फेब्रुवारी असं करत एल डिसेंबर. एच म्हणजे ऑगस्ट. त्यानंतरचा एक आकडा म्हणजे त्या सालाचा शेवटचा आकडा, आणि शेवटचे दोन आकडे मॉडेल इयर. तुमचं १ आणि ०२. नुसता १ बघितला तर १९९१ का २००१ का २०११ असा प्रश्न पडेल पण पुढे ०२ आहे म्हणजे मॉडेल २००२ चं, मग १ म्हणजे २००१ च. ऑगस्ट २००१ मधे बनलेली, २००२ च्या मॉडेलची कायाक. उन्हाळ्याच्या शेवटी पुढच्या सालचं मॉडेल काढायला घेतात त्यामुळे दोन साल वेगळे दिसतात, यात गडबड काही नाही. लोक इथे नेहमी अडकतात, शेवटचे दोन आकडे म्हणजेच बनल्याचं साल धरून बसतात.

आणि पुढची सीट जुलै २००१, बोट ऑगस्ट २००१. सीट आधीच्या महिन्यात बनली आणि पुढच्या महिन्यात बोटीत बसली. मूळ सीट आहे ती. मागची मे २००६ ची म्हणजे नंतर बदललेली.

मॉडेल कुठलं ते नंबरावरून थेट कळत नाही, कोड फक्त कंपनी आणि तारीख सांगतो. पण १६ फूट, दोन माणसांची, एकच मोठं कॉकपिट आणि थ्री लेयर, हे सगळं त्यांच्या लून १६०टी शी जमतं असं मला वाटतं, त्यात १६० म्हणजे १६ फूट आणि टी म्हणजे टँडम, दोघांची. नक्की करायचं तर कंपनीच्या कस्टमर सर्व्हिसला पूर्ण नंबर आणि चार फोटो मेल करा, पूर्ण बाजूने एक, वरून एक, कॉकपिटची कड आणि सीट. २००२ चा कॅटलॉग स्कॅन करून कोणीतरी ठेवलेला असतो तो पण शोधा, त्यात रंगांची नावं असतात. तुमच्या स्टिकरच्या खाली जो गडद लाल राहिलाय तोच मूळ रंग, बाकीचा उन्हाने उडालाय, कॅटलॉगशी जुळवताना स्टिकरखालचाच रंग धरा.

हा नंबर नीट लिहून ठेवा आणि विकत घेतल्याची पावती पण, साधी कागदावरची असली तरी. आणि इथे पूर्ण सिरियल टाकला नाहीत ते चांगलं केलंत.

सानपाडा_वल्हं
म्हणजे वीस वर्षांच्या वर झाली!! आणि मला पाच-सहा सांगितली होती. किंमत त्या हिशोबाने दिली मी. आता मनात शंका येतेय की एवढं जुनं प्लास्टिक पाण्यात न्यायचं का.

चेंदणीचा_नाखवा
भावा इतका वेळ नुसता वाचत होतो पण आता बोलतो. आमच्या घरात होड्या पिढ्यान् पिढ्या आहेत, लाकडाच्या बघितल्या आता फायबरच्या बघतोय. होडी किती सालची ते विचारणारा माणूस खरेदीच्या वेळी विचारतो, पाण्यात जाणारा माणूस विचारतो ती ठेवली कुठे होती. सावलीत उलटी ठेवलेली जुनी होडी चालते आणि दोन उन्हाळे उघड्यावर पडलेली नवी होडी जाते. तुमचं प्लास्टिक पण तसंच असणार, ते रोटोवाले सांगतील. त्यामुळे साल ऐकून घाबरू नका पण तपासल्याशिवाय उतरू पण नका.

दुसरं, तुम्ही कुठे नेणार ते लिहिलं नाही. सानपाडा म्हणजे तुम्हाला खाडी जवळ वाटणार, वाशीच्या पुलाखाली दिसते रोज. पण खाडी म्हणजे तळं नाही. उधाणाला म्हणजे अमावास्या पौर्णिमेच्या आसपास भरती-ओहोटीत चार मीटरच्या वर फरक पडतो आणि पाणी जोरात ओढतं, परत यायच्या वेळी ओहोटी लागली असेल तर दोन माणसं वल्हं मारून दमून जातील. अष्टमीच्या बाजूला भांग असतो तेव्हा ओढ कमी. आणि सुकतीला म्हणजे पाणी पूर्ण ओसरलं की काठाला गुडघ्याच्या वर गाळ, कायाक आणि माणूस दोन्ही अडकतात, भरती येईपर्यंत हलता येत नाही. आमचे लोक पाण्याची वेळ बघूनच निघतात.

तिसरं, खाडीचा पश्चिमेचा आणि ऐरोलीकडचा बराच भाग फ्लेमिंगो अभयारण्यात आहे, २०१५ ला जाहीर झालं आणि २०२२ ला रामसारमध्ये, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत पण गेलं. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय कायाक घालायची नाही. फ्लेमिंगो असतात नोव्हेंबरपासून मे पर्यंत, ते चिखलात चरत असतात आणि तुम्ही रंगीत होडी घेऊन जवळ गेलात की सगळा थवा उठतो, त्यांची खायची वेळ जाते. आधी कुठला भाग अभयारण्यात आणि कुठला बाहेर ते ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात जाऊन विचारा, ते सांगतील. सुरुवात गोड्या पाण्यात करा, ओळखीच्या माणसाच्या परवानगीने, काठ जवळ असेल तिथे.

कळवा_पॅडलर
नाखवा काकांच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन. त्यात एक माझी भर. ही बोट तळ्यासाठी आणि संथ नदीसाठी बनवलेली आहे, कॉकपिट मोठं आणि उघडं आहे त्यामुळे उलटली किंवा लाट आत आली तर पूर्ण भरते. फोमच्या थरामुळे ती बुडणार नाही हे खरं पण पाण्याने भरलेली १६ फुटी बोट दोन माणसांना रिकामी करता येत नाही, काठापर्यंत ओढत न्यायला लागते. म्हणून पुढे आणि मागे हवेच्या पिशव्या बसवून घ्या, कायाकसाठी मिळतात त्या, नुसत्या बाटल्या कोंबू नका, निसटून बाहेर येतात. त्या जागेत हवा असली की तेवढं पाणी आत येतच नाही. लाईफ जॅकेट दोघांना, अंगात घातलेलं, सीटखाली ठेवलेलं नाही. आणि पहिल्यांदा काठाजवळ कमरेएवढ्या पाण्यात मुद्दाम उलटवून बघा, बाहेर कसं येता ते. वहिनींना पण करायला लावा, आधी त्यांना.

रोटो_रबाळे
प्लास्टिक तपासायचं असं. अंगठ्याने डेकवर चोळा, अंगठ्यावर रंगाची पावडर आली तर वरचा थर उन्हाने खराब झालाय. थोडी आली तर चालतं, तो वरचा पातळ भाग असतो, आतलं चांगलं असू शकतं. मग कॉकपिटची कड हाताने वाकवा, जिथे सगळ्यात जास्त ऊन लागलंय तिथे. नीट वाकून परत आली तर ठीक. पांढरी पडली आणि बारीक बारीक भेगांचं जाळं दिसलं तर प्लास्टिक ठिसूळ झालंय, मग पैसे घालू नका, बागेत झाडं लावायला ठेवा. फोटोतून मला जाळं दिसत नाहीये, नुसता रंग उडालाय, आणि त्या हिरव्या ऑईल पेंटने उलट तुमचं थोडं भलं केलंय, ऊन अडवलंय त्याने. रिसॉर्टवाल्यांनी शेडमध्ये ठेवली होती का ते विचारता आलं तर विचारा, नाखवा म्हणतात तो प्रश्न सालापेक्षा महत्त्वाचा आहे.

तळाला खड्डा किंवा पोचे असतील तर घाबरू नका, बांधून ठेवल्याने पडतात. उलटी करून दुपारच्या उन्हात थोडा वेळ ठेवा, प्लास्टिक गरम झालं की बरेचसे आपोआप वर येतात, नाही आले तर आतून हाताने दाबा. पण रोज उन्हात ठेवू नका आणि भिंतीला उभी टेकवून तर अजिबात नको, कुशीवर ठेवा, खाली दोन ठिकाणी जुन्या गाद्या किंवा फोम.

सानपाडा_वल्हं
कड वाकवून बघितली, पांढरी नाही पडली. पावडर येते थोडी. रिसॉर्टच्या वॉचमनला फोन केला, तो म्हणाला पावसाळ्यात शेडमध्ये आणि बाकी वेळ तळ्याच्या काठावर झाडाखाली असायची. आणि मागची सीट तुटली म्हणून कोणीतरी दुसऱ्या जुन्या कायाकची काढून बसवली होती हे पण त्याला आठवतंय. कुशीवर ठेवली आता. शेवटचा प्रश्न त्या चिरेचा. पाणी भरून बघितलं, थेंब थेंब बाहेर येतं म्हणजे आरपार आहे. एम-सील लावू का अराल्डाईट? घोडबंदरवाले दादा रेझिन नको म्हणाले म्हणून विचारतो.

घोडबंदर_फायबर
दोन्ही नको. आज चिकटल्यासारखं वाटेल आणि पहिल्यांदा तळ दगडाला घासला की पूर्ण पापडासारखं निघून येईल. पॉलिइथिलीनला ही कुठलीच गोष्ट धरत नाही, तुमचा ऑईल पेंट धरला नाही त्याचं कारण पण तेच. प्लास्टिक वेल्डिंग करून घ्या.

रोटो_रबाळे
वेल्डिंगच, पण आधी एक टेस्ट. पॉलिइथिलीन दोन प्रकारचं असतं, साधं आणि क्रॉसलिंक केलेलं. साधं वितळतं म्हणून वेल्ड होतं. क्रॉसलिंकवालं वितळत नाही, कितीही तापवा, मऊ होतं आणि मग जळतं, त्यावर वेल्ड बसत नाही. जुन्या काळच्या काही बोटी क्रॉसलिंकच्या असायच्या त्यामुळे अंदाजावर जाऊ नका. ते ड्रिलचं भोक आहे ना, त्याच्या कडेचा बाहेरच्या थरातला पातळ कीस ब्लेडने काढा, फोमचा नाही, आणि गरम सोल्डरिंग आयर्नवर ठेवा. मेणासारखा पातळ होऊन ताणला गेला तर साधं. आकार तसाच राहून काळा पडायला लागला तर क्रॉसलिंक.

साधं निघालं तर चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक, ३ एमएमचं भोक पाडा म्हणजे चीर पुढे जाणार नाही. पण फक्त बाहेरच्या थरातून, आत फोममध्ये खोल जायचं नाही. मग चिरेच्या कडा व्ही आकारात तासा, कडेचं उन्हाने खराब झालेलं प्लास्टिक खरवडून ताजं काढा, लगेच पॉलिइथिलीनच्याच रॉडने हॉट एअर गनने भरा. रॉड पॉलिप्रॉपिलीनचा देतील दुकानात, दिसायला सारखाच, तो चालणार नाही, दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. त्या रॉडचा तुकडा आणि तुमचा कीस आधी एकत्र वितळवून गार करून ओढून बघा, सुटले तर रॉड चुकीचा. हीट जास्त देऊ नका, मधला फोम बसतो आणि तिथे तळाला कायमचा खड्डा पडतो. बाहेरून एक आणि आतून एक असे दोन वेल्ड. तळवलीपासून तुर्भ्यापर्यंत केमिकल टाक्या दुरुस्त करणारे बरेच आहेत टीटीसीत म्हणजे इथल्या एमआयडीसी पट्ट्यात, त्यांचं हे रोजचं काम आहे, त्यांना थ्री लेयर आहे हे आधीच सांगा.

क्रॉसलिंक निघालं तर इथे लिहा, मग आतून-बाहेरून रबर शीट आणि प्लास्टिकची पट्टी स्टेनलेसच्या नटबोल्टने आवळून करायला लागेल, मधे न सुकणारं ब्युटाईल सीलंट. दिसायला चांगलं नसतं पण पाणी थांबतं.

सानपाडा_वल्हं
कीस वितळला, तार निघाली त्याची, म्हणजे साधं! उद्या सुट्टी आहे, महापेला टाकीवाल्याकडे घेऊन जातो. कंपनीला मेल पण टाकलाय नंबर आणि फोटो घालून, मॉडेलचं उत्तर आलं की इथे लिहितो.